जोतिबाचा डोंगर आणि वाढत्या वयाचे पाय



कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे सतरा-अठरा किलोमीटरांवर जोतिबाचा डोंगर आहे. माथ्यावरच्या गावाचे नाव वाडी रत्नागिरी. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत उंचच उंच सासनकाठ्या नाचवत लाखो लोक येथे येतात आणि सारा डोंगर गुलालाने माखून जातो. माघ महिन्यात मात्र वेगळ्या प्रकारची गर्दी असते. ओळीने पाच रविवार कोल्हापुरातून पायी निघून डोंगर चढायचा, दर्शन घ्यायचे आणि परतायचे. पुष्कळजण ही वाट अनवाणी चालतात. याला जोतिबाचे 'खेटे' म्हणतात. पंचगंगा ओलांडून वडणगे, निगवे, कुशिरे अशा गावांवरून वाट जाते आणि गायमुखाजवळून डोंगराला भिडते.

या वाटेवर तुम्ही कधी गेला असाल तर एक गोष्ट तुमच्या नजरेस आली असेल. साठी-सत्तरी ओलांडलेल्या आज्या आणि आजोबा सावकाश, पण न थांबता चढत असतात. आणि त्यांच्या मागून धावत आलेला एखादा तरुण मध्येच दगडावर धापा टाकत बसलेला असतो. उलट त्याच वयाचे कितीतरी आजी-आजोबा घरचा जिना चढायलाही कठडा शोधतात. एकाच वयाच्या दोन माणसांत एवढे अंतर कसे पडते? म्हातारपण म्हणजे गुडघे जाणारच, असे आपण सहज म्हणतो. त्यात वयाचा वाटा किती आणि बसून राहण्याचा किती, हे आज आपण पाहू.

चढ म्हणजे किती काम?

डोंगराचा माथा पायथ्याच्या सपाटीपासून सुमारे १,००० फूट, म्हणजे अंदाजे ३०० मीटर उंच आहे. चढणाऱ्याचे वजन ६० किलोग्रॅम धरू. विज्ञानाच्या पुस्तकातले सूत्र तुम्हाला ठाऊक आहे: कार्य = वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची. म्हणून,

६० × ९.८ × ३०० = १,७६,४०० जूल.

उष्णतेच्या भाषेत हे सुमारे ४२ किलोकॅलरी होतात. पण स्नायू हे काही फार काटकसरी यंत्र नव्हे. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेचा साधारण चौथा ते पाचवा हिस्साच प्रत्यक्ष कामी लागतो, उरलेली उष्णता होते. चढताना घाम येतो तो याच उष्णतेमुळे. तेव्हा शरीराला या चढासाठी सुमारे १७० ते २१० किलोकॅलरी खर्चाव्या लागतात. पन्नास-साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी साधारण एवढीच ऊर्जा देते. सपाटीवरच्या चालण्याचा खर्च वेगळा. पण जोतिबाचा चढ म्हणून जो आहे तो एका भाकरीचा आहे.

आजी आणि नातू

आता समजा, आजी आणि नातू दोघांचेही वजन ६० किलोग्रॅम आहे. नातू पाऊण तासात माथा गाठतो, आजीला दीड तास लागतो. दोघांचे कार्य सारखेच, १,७६,४०० जूल. निराळी आहे ती शक्ती, म्हणजे एका सेकंदात केलेले कार्य. पाऊण तास म्हणजे २,७०० सेकंद. नातवाची शक्ती सुमारे ६५ वॅट. दीड तास म्हणजे ५,४०० सेकंद. आजीची सुमारे ३३ वॅट.

वयाचे पहिले गुपित येथे आहे. काम पुरे करण्याची क्षमता बरीच टिकून राहते. लवकर कमी होते ती ते काम झटपट करण्याची क्षमता. आजी घाई करत नाही, कारण घाईची किंमत तिला ठाऊक असते. तिने दीड तास घेतला म्हणून तिचे काम नातवापेक्षा एका जूलनेही कमी होत नाही.

मात्र एक अडचण आहे. सतरा सेंटिमीटर उंचीची पायरी चढताना ६० किलोग्रॅमचे शरीर एकाच पायाने उचलायचे असते. त्यासाठी सुमारे १०० जूल कार्य करावे लागते. ते एका सेकंदात केले तर १०० वॅट, दोन सेकंदांत केले तर ५० वॅट. सावकाश चढून शक्तीची गरज कमी करता येते. पण शरीर उचलायला लागणारे बल मात्र सावकाशीने कमी होत नाही. मांडीचे स्नायू तेवढे बल देऊ शकले नाहीत, तर कितीही वेळ घेतला तरी ती पायरी चढता येणार नाही. म्हणूनच हात कठड्याकडे जातो.

स्नायूंत काय बदलते?

स्नायू म्हणजे हजारो बारीक तंतूंच्या जुड्या. त्यांत मुख्यतः दोन प्रकारचे तंतू असतात. मंद तंतू सावकाश आकुंचन पावतात, पण लवकर थकत नाहीत. उभे राहणे, सपाटीवर चालणे ही त्यांची कामे. जलद तंतू झटक्यात जोर लावतात, पण लवकर दमतात. उडी मारणे, जड ओझे उचलणे, ठेच लागताच पाय पुढे टाकून स्वतःला सावरणे ही कामे त्यांची.

तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायूंचे वस्तुमान साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर ही घट वाढते. स्नायूंचे बळ त्यांच्या वस्तुमानापेक्षा वेगाने घटते, आणि शक्ती बळापेक्षाही वेगाने. याचे कारण असे की या घटीत जलद तंतूंचे नुकसान अधिक होते. प्रत्येक तंतूला मज्जारज्जूतील चेतापेशीकडून हुकूम मिळत असतो. वयाबरोबर काही चेतापेशी मरतात आणि त्यांचे तंतू पोरके होतात. त्यांतल्या काहींना शेजारची मंद चेतापेशी सांभाळून घेते. उरलेले सुकून जातात. वयोमानानुसार होणाऱ्या या स्नायुक्षयाला १९८९ मध्ये अमेरिकन वैद्यक अरविन रोझेनबर्ग यांनी 'सार्कोपेनिया' हे नाव सुचवले. 'सार्क्स' म्हणजे मांस आणि 'पेनिया' म्हणजे उणीव, अशा दोन ग्रीक शब्दांवरून ते बनले आहे.

हृदयाचेही तसेच. हृदयाचे ठोके मिनिटाला जास्तीत जास्त किती पडू शकतात, याचा ढोबळ अंदाज २२० मधून वय वजा करून काढतात. पंधरा वर्षांच्या मुलासाठी २०५, सत्तर वर्षांच्या माणसासाठी १५०. ठोक्यांची ही कमाल मर्यादा व्यायामाने वाढत नाही. पण प्रत्येक ठोक्याबरोबर किती रक्त बाहेर पडते आणि त्या रक्तातील प्राणवायू स्नायू किती घेऊ शकतात, या दोन्ही गोष्टी सवयीने सुधारतात.

वय किती आणि बसून राहणे किती?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अमेरिकेतील डॅलस येथे १९६६ मध्ये एक प्रयोग झाला. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला सांगितले. उठल्यावर मोजले तेव्हा शरीराची जास्तीत जास्त प्राणवायू वापरण्याची क्षमता चौथ्या हिश्शाहून अधिक घटली होती. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच पाच जणांना पुन्हा बोलावले. आता ते पन्नाशीत होते. तीस वर्षांच्या वयाने त्यांची क्षमता जेवढी घटली होती, त्याहून अधिक ती तरुणपणीच्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने घटली होती! पुढे सहा महिने बेताबेताने चालण्या-धावण्याचा व सायकलचा सराव केल्यावर त्यांनी गमावलेली क्षमता भरून काढली.

वृद्धांच्या बाबतीत अंथरुण याहून महाग पडते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षे वयाच्या बारा निरोगी स्त्री-पुरुषांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले. तेवढ्यात त्यांच्या पायांतील जवळजवळ एक किलोग्रॅम मांस कमी झाले. तापाने आठ-दहा दिवस झोपलेले आजोबा उठल्यावर 'पायांत जीवच राहिला नाही' असे म्हणतात, ते खरेच असते.

उलट बाजूचा पुरावा त्याहून बोलका आहे. १९९० मध्ये बॉस्टन येथील एका वृद्धाश्रमात मारिया फियातारोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ ते ९६ वर्षे वयाच्या दहा जणांना पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम शिकवला. वजन हळूहळू वाढवत नेले. आठ आठवडे हा व्यायाम पुरा करणाऱ्या नऊ जणांच्या पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले, म्हणजे पावणेतीन पटींच्या आसपास गेले. नव्वदीतही स्नायू शिकायला तयार असतो, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

तात्पर्य, वयाचा वाटा आहेच. चेतापेशी मरतात, हृदयाची मर्यादा खाली येते, हे कोणाला टळत नाही. पण ज्याला आपण म्हातारपण म्हणतो त्यातला बराच मोठा भाग न वापरल्याचा असतो, आणि तो परत मिळवता येतो.

उतार का दुखवतो?

डोंगर चढताना धाप लागते आणि उतरताना मांड्या भरून येतात, हा अनुभव तुम्हाला असेल. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जाऊन शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच जोर लावून ब्रेकचे काम करतो. या कामाला प्राणवायू कमी लागतो, म्हणून धाप लागत नाही. पण तंतूंमध्ये सूक्ष्म इजा होतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय ठणकतात. यातली गंमत अशी की ही इजा भरून येताना स्नायू तिच्यापासून शिकतो. पुन्हा काही दिवसांनी, अगदी काही आठवड्यांनीही, तसाच उतार उतरला तर दुखणे बरेच कमी होते. पहिल्या खेट्यानंतर जिना उतरताना 'आई गं' म्हणणारा माणूस दुसऱ्या खेट्यानंतर तेवढा कण्हत नाही, त्याचे कारण हे आहे.

गुडघ्यावर उतरताना भार जास्त येतो. त्यामुळे ज्यांचा एक गुडघा दुखतो त्यांच्यासाठी एक सोपा नियम आहे: चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा पाय आधी टाकावा. चढताना वरच्या पायरीवर ठेवलेला पाय शरीर उचलतो, तर उतरताना मागे वरच्या पायरीवर राहिलेला पाय शरीर सावकाश खाली सोडतो. दोन्ही वेळी कष्टाचे काम चांगल्या पायाकडे राहते. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. चालताना तो हात आणि दुखरा पाय आपोआप एकदमच पुढे जातात, आणि शरीराचा भार दोघांत वाटला जातो. पुष्कळजण काठी दुखऱ्या बाजूलाच धरतात. तुमच्या घरी कोणी तसे करत असेल तर त्यांना हे समजावून सांगा.

'गुडघ्याची वाटी झिजली, आता चालणे बंद' हा समजही तपासून पाहायला हवा. सांध्यातील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. पाऊल टाकताना ती स्पंजासारखी दाबली जाते आणि उचलताना फुगते. या दाबण्या-फुगण्यातूनच सांध्यातील द्रवातले पोषण तिच्यात शिरते. म्हणून गुडघ्याच्या संधिवातातही बेताचे चालणे आणि मांडीचे स्नायू बळकट करण्याचा व्यायाम डॉक्टर सांगतात. गुडघा सुजलेला, गरम झालेला असेल, तर मात्र आधी वैद्यकीय सल्ला घ्यायचा.

तोल सावरणारे तीन दूत

आपण सरळ उभे राहतो ते तीन दूतांच्या बातम्यांवर: डोळे, कानाच्या आतील भागातील तोलाचे इंद्रिय, आणि तळपाय व सांधे यांतील संवेदना. मेंदू या तिन्हींचा मेळ घालतो आणि स्नायूंना हुकूम सोडतो. वयाबरोबर तिन्ही दूत थोडे थोडे मंदावतात. ठेच लागली तर सावरायला सेकंदाचा काही अंशच हाती असतो. तेवढ्यात दूताची बातमी पोहोचायला हवी आणि जलद तंतूंनी पाय पुढे टाकायला हवा. दोन्हींना उशीर झाला की माणूस पडतो. हाडे ठिसूळ झालेली असतील तर खुबा मोडतो, आणि त्यानंतर कित्येक वृद्ध पुन्हा पूर्वीसारखे चालू शकत नाहीत.

येथे एक दुष्टचक्र सुरू होते. एकदा पडलेला माणूस पडण्याच्या भीतीने चालणे कमी करतो. चालणे कमी केले की स्नायू घटतात. स्नायू घटले की पुन्हा पडण्याचा धोका वाढतो. घरची माणसेही मायेने म्हणतात, 'तुम्ही बसा, आम्ही करतो.' पाण्याचा तांब्या हातात, ताट जागेवर, बाजार मुलाकडे. ही माया खरी असते, पण तिने एक-एक काम काढून घेतले जाते आणि त्या कामाबरोबर त्यासाठी लागणारे बळही जाते.

खेट्यांचे गणित

'खेटे घालणे' हा शब्द आपण नेहमीच्या बोलण्यातही वापरतो. एका खेपेत कचेरीतले काम होत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा जावे लागते. शरीराचे काम याच रीतीने चालते. एका दिवसाच्या श्रमाने स्नायू बळकट होत नाही. श्रम, मग विश्रांती, मग पुन्हा श्रम, असे फेरे व्हावे लागतात. पहिल्या काही आठवड्यांत जे बळ वाढते ते मुख्यतः चेतासंस्थेच्या शिकण्यामुळे; अधिक तंतूंना एकदम कामाला लावणे तिला जमू लागते. तंतू जाड होण्याचे काम नंतर दिसते.

पण आठवड्यातून एक रविवार पुरेसा नाही. पूर्वी खेट्याला जाणारा माणूस उरलेले सहा दिवस शेतात राबत असे. बाई विहिरीवरून पाणी आणत असे, जात्यावर दळत असे. त्यांचा सराव रोजचाच होता. आज ज्यांचे सहा दिवस खुर्चीत जातात, त्यांनी सातव्या दिवशी एकदम डोंगर चढणे शहाणपणाचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी सांगितलेले प्रमाण असे आहे: आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम, आणि तीन दिवस तोल व बळ यांचा एकत्र सराव.

मध्यम श्रम कसे ओळखावेत? चालताना बोलता येते पण गाता येत नाही, एवढा दम लागला की श्रम मध्यम. डोंगर चढताना 'चांगभलं' असा पुकारा करता येत असेल आणि सोबत्याशी चार शब्द बोलता येत असतील, तर चाल ठीक आहे. तोंडातून शब्दच फुटत नसेल तर थांबून श्वास घ्यावा.

बळाच्या व्यायामासाठी कोल्हापूरकरांना दूर जायला नको. येथील तालमींत पिढ्यान्‌पिढ्या बैठका मारल्या जातात. आजी-आजोबांनी पैलवानाची पूर्ण बैठक मारायची नाही; खुर्चीवरून हात न टेकता उठायचे आणि सावकाश बसायचे, ही त्यांची बैठक. सावकाश बसताना मांडीचा स्नायू डोंगर उतरतानाच्यासारखेच ब्रेकचे काम करतो. जमिनीवर मांडी घालून बसण्याची आपली सवयही अशीच मोलाची आहे. टेबल-खुर्च्या आल्यापासून दिवसातून अनेकदा होणारी ती उठबस कमी झाली.

घरी करून पाहा

घरातील वडीलधाऱ्यांच्या संमतीने पुढील मोजमापे घ्या. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा आणि तुम्ही शेजारी उभे राहा.

१. तीस सेकंदांची उठबैठ. सुमारे ४३ सेंटिमीटर उंचीच्या खुर्चीवर हात छातीशी घेऊन बसायचे आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजायचे. अमेरिकेतील मोजणीनुसार ७० ते ७४ या वयात पुरुषांची संख्या १२ पेक्षा किंवा स्त्रियांची १० पेक्षा कमी असेल तर ती सरासरीखाली समजतात. आपल्याकडे त्या आकड्यापेक्षा माणसाची स्वतःशीच तुलना अधिक उपयोगी.

२. एका पायावर उभे राहणे. ओटा किंवा टेबल हाताशी ठेवून किती सेकंद जमते ते पाहायचे. तुम्ही स्वतः डोळे उघडे ठेवून आणि मग मिटून हे करा. एक दूत गैरहजर झाला की काय होते, ते लगेच कळेल.

३. चार मीटर चाल. जमिनीवर खडूने खुणा करून नेहमीच्या चालीने लागणारा वेळ मोजायचा आणि वेग काढायचा.

आठ आठवडे दर रविवारी हेच मोजा आणि आलेख काढा. मधल्या काळात रोजचे चालणे आणि दोन-तीन दिवसांआड दहा-दहा उठबैठका चालू ठेवा. शिक्षकांनी वर्गातील सर्व आलेख एकत्र मांडले तर चांगली चर्चा होईल.

सावधगिरी

छातीत दुखणे, चक्कर, नेहमीपेक्षा जास्त धाप यांपैकी काहीही झाले तर लगेच थांबावे आणि डॉक्टरांना दाखवावे. हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांनी डोंगर चढण्यापूर्वी विचारून घ्यावे. मधुमेहात तळपायाची संवेदना कमी झालेली असू शकते, म्हणून अशांनी अनवाणी चालणे टाळावे. वय वाढले की तहान कमी जाणवते. चैत्राच्या उन्हात तहानेची वाट न पाहता घोट-घोट पाणी प्यावे.

आणि आजोबा 'मी आणतो' म्हणत पिशवी घेऊन उठले, तर ती त्यांच्या हातून काढून घेऊ नका. दुसरी पिशवी घ्या आणि त्यांच्या चालीने त्यांच्याबरोबर जा.

स्वाध्याय

१. ५० किलोग्रॅम वजनाची व्यक्ती जोतिबाचा ३०० मीटर चढ एका तासात चढते. तिचे कार्य व शक्ती काढा.

२. त्याच व्यक्तीने पाठीवर ५ किलोग्रॅमचे ओझे घेतले आणि शक्ती तेवढीच ठेवली, तर तिला किती वेळ लागेल?

३. तुमच्या शाळेच्या जिन्याची उंची मोजा. किती वेळा चढल्यावर जोतिबाच्या चढाएवढे कार्य होईल?

४. उतरताना दुखरा पाय आधी का टाकावा, ते आकृती काढून स्पष्ट करा.